नागोबाला दूध फार झालं

न्यूझीलंडमध्ये साप नाहीत. एकसुद्धा नाही. इथे आल्यावर मुलाने आम्हाला पहिली गोष्ट हीच सांगितली, आणि आमच्या ह्यांनी विमानतळाबाहेर उभं राहूनच ह्या देशाला हात जोडले. त्या सबंध देशात साप निघाला तो एकाच घरी. हेन्डरसनमध्ये, आमच्या मागच्या अंगणात.

श्रावण तोंडावर आला होता. इथे तेव्हा कडाक्याची थंडी आणि वर पाऊस. कुंपणामागचा ओढा पाऊस वाढला तसा पार अंगणात येऊन गेला होता. आधीच्या मालकाने हौसेने बांधलेलं एक सिमेंटचं तळं आहे आमच्याकडे. मी वाळत घातलेले (म्हणजे आणखी भिजलेले) कपडे काढायला गेले, तर त्या तळ्यात काळंभोर काहीतरी पसरलेलं. माझ्या दंडाहून जाड, आणि लांबी आमच्या नऊ वर्षांच्या नातीला लाजवेल अशी!

मी ओरडले नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण घरात आता वेगळंच सांगतात. मी नुसतं म्हटलं, "अहो, जरा बाहेर या."

ओरडले ते हे! जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, भल्याभल्या दांडगटांना ज्यांनी घाटात गाडीतून उतरवलं, ते एका उडीत नातीच्या ट्रॅम्पोलिनवर! आता ट्रॅम्पोलिनची गंमत अशी, की त्यावर माणूस जितका थरथरतो तितका उडतो. "साप!" (वर) "अगं साप!" (खाली) "प्रशांतला बोलाव!" (पुन्हा वर)

प्रशांत, आमचा मुलगा, इंजिनियर. घरून काम करत होता, कानात ते फोनचं बोंडूक तसंच ठेवून बाहेर आला. "आई, बाबा, किती वेळा सांगायचं, इथे साप नसतात. पुरात वाहून आलेला पाइप असेल."

पाइपने तोंड वर काढून जांभई दिली.

मग ट्रॅम्पोलिनवर दोघं झाले.

खरा उलगडा केला इराने. ती शाळेतून आली, दप्तर चिखलात टाकलं आणि तळ्याशी उकिडवी बसली. "आजी! इट्स अ‍ॅन ईल! अ ह्यूज वन! कॅन वी कीप हिम? प्लीज?" इराला मराठी सगळं कळतं, पण ती बोलते इंग्रजीत. मला इंग्रजी निम्मं कळतं, पण मी बोलते मराठीत. आमचं दोघींचं उत्तम चालतं.

"म्हणजे वाम, आई," प्रशांत वरून म्हणाला. "साप नाही, मासा आहे तो."

मासा म्हटल्याबरोबर हे ट्रॅम्पोलिनवरून खाली उतरले. "वाम? अरे, मग आधी नाही का सांगायचं! हिरवं वाटण लावून, रव्यात घोळवून..." साप म्हटलं की पळायचं आणि मासा म्हटलं की जिभल्या चाटायच्या, असा हा शूर पुरुष!

रात्री जेवताना घराची सभा भरली. ठेवायचा की नाही?

सूनबाई मेघना औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ती म्हणाली, "आई, तुम्ही तरी सांगा इराला. तो चावला तर? ही तळ्यात पडली तर?"

"आय वोन्ट फॉल!" इरा म्हणाली. "आय विल फीड हिम एव्हरी डे!"

"आणि नंतर आपण त्याला खाऊ," हे म्हणाले. इराने भोकाड पसरलं.

"बाबा!" मुलगा आणि सून एकदम.

"बरं बरं. उद्यापासून श्रावण लागतोय, तसंही आपण खात नाही. श्रावणभर राहू दे. पुढचं पुढे." म्हणजे त्या बिचाऱ्याला फाशीची शिक्षा झाली, आणि तारीख मिळाली श्रावणानंतरची!

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चार माणसांत बोलत नाही, घरातली चार असली तरी. पण त्या दिवशी बोलले. म्हटलं, "तो राहणार. नागपंचमी आलीय. ह्या दिवसांत तो कुणाच्या दारी आपण होऊन येतो का?"

"आई, तो नाग नाही," प्रशांत म्हणाला.

"लांब आहे, काळा आहे, सळसळतो. अजून काय पाहिजे? साप नसलेल्या देशात देवाने जे होतं त्यातलं पाठवलं."

इंजिनियरने मुकाट्याने आणखी भात वाढून घेतला.

खरं कारण मी सांगितलं नाही. आम्ही पाच बहिणी. मी थोरली, चौथीतून शाळा सुटली ती धाकट्या सांभाळायला. भाऊ नाही. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास करतात, आणि जिला भाऊ नसतो ती नागालाच भाऊ मानते. इतकी वर्षं मी पाटावर गंधाने काढलेल्या नागाला भाऊ म्हणत आले. आणि आता हा खराखुरा, जिवंत, चालत माझ्या दारी आला होता! त्याला मी सोडणार होते होय?

इरा त्याला 'बडी' म्हणायची, मी 'दादा'. दादा थंडीने सुस्त पडलेला असे. काही खात नसे. मी म्हटलं, बघा, श्रावणाचे उपास करतोय. ह्यांनासुद्धा ते पटलं. इतकं पटलं, की ज्यांनी त्याला रव्यात घोळवायला काढला होता त्यांनीच त्याचा फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'न्यूझीलंडमध्ये प्रथमच! जिवंत नागाचं पूजन! आमच्या निवासस्थानी!'

पंचमीला दारासमोर गाड्याच गाड्या. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉटनी डाउन्सवरून बायका आल्या, कुठून कुठून आल्या. पैठण्या, नथी आणि पायात गमबूट! मंडळाच्या वैशालीताईंनी सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांत जाऊन लाह्या आणल्या होत्या, माझ्यासाठी शाल आणि नारळ आणला होता. "काकू, आज तुमचा सत्कार! पूजा तुम्हीच सांगायची."

"मी?"

"मग काय! नाग तुमचा."

मी नको नको म्हटलं. पण खोटं कशाला बोलू, आतून मात्र छाती फुगली होती. माझ्या पोळपाटाएवढ्या जगात मला कुणी कधी पुढे बसवलं नव्हतं. मी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, नागाची कहाणी सांगितली. आवाज माझा मलाच ऐकू येत नव्हता, तरी बायका मान डोलावत होत्या. मग म्हटलं, "आता थोडं थोडं दूध दाखवा."

इथे चुकलं. दाखवा म्हणजे गावाकडे वाटीभर दुधाचा नैवेद्य. पण ह्या सगळ्या आल्या होत्या निळ्या झाकणाचे मोठे मोठे कॅन घेऊन! आणि परदेशात राहून हातून काही होत नाही ह्या रुखरुखीने प्रत्येकीने सबंध कॅन उपडा केला! तळ्याची बासुंदी झाली. वर लाह्या तरंगताहेत. दादा दिसेना.

"प्रसन्न झाला," वैशालीताई म्हणाल्या.

तेवढ्यात दुधातून एक पांढरं तोंड वर आलं. त्याने आमच्याकडे असं पाहिलं, की माझ्या सासूबाईंची आठवण झाली. आणि तो बाहेरच आला! गुदमरला होता बिचारा. काठावरून सपकन गवतावर, आणि गवतावरून सरळ बायकांत!

पैठण्या, नथी, गमबूट, सगळं ट्रॅम्पोलिनवर! त्याच्या स्प्रिंगा कर्रकर्र वाजल्या. एक खाली येतेय तर दुसरी वर जातेय, "नागोबा, क्षमा करा!" म्हणताहेत आणि उडताहेत. नागोबाला क्षमा करायला सवड नव्हती. तो दिसेल त्या वाटेने निघाला, आणि दिसलं ते दिवाणखान्याचं उघडं काचेचं दार.

आत हे टीव्हीवर क्रिकेट बघत पुरणाची दिंडं खात होते. ते आठवण झाली की अजून पाय वर घेतात. मला एवढंच ऐकू आलं, "अगं, तुझा भाऊ आलाय!" आणि मग बशी फुटल्याचा आवाज.

ह्या गोंधळाने शेजारच्या आरोहाबाई धावत आल्या. आरोहाबाई इथल्याच, माओरी. वयाने माझ्याएवढ्या असतील. कुंपणावरून एकमेकींना "किया ओरा", म्हणजे त्यांचा नमस्कार, म्हणायचं आणि मेथी द्यायची, एवढीच आमची ओळख. भर पावसात रबरी चपलांवर त्या आत आल्या, सोफ्याखाली वाकून पाहिलं आणि हसून खाली बसल्या. "ओ, लुक अ‍ॅट हर! शी इज अ ब्यूटी!"

"शी?" मी म्हटलं.

"एवढ्या मोठ्या असतात त्या सगळ्या माद्याच असतात," प्रशांतने त्यांचं बोलणं मला मराठीत सांगितलं. "त्या म्हणतात, ही तुमच्या दोघींपेक्षाही म्हातारी असेल."

घ्या! चतुर्थीचा उपास मी केला भावासाठी, तोही निर्जळी, आणि निघाली बाई! आमच्या वडिलांना पाच मुली झाल्या म्हणून गाव हळहळलं होतं. सात समुद्र ओलांडून आले तर देवाने सहावी बहीण पाठवली!

आरोहाबाई म्हणाल्या, ओलं फडकं टाका अंगावर, शांत होईल. ओलं फडकं म्हणजे? हाताशी होती सत्काराची शाल. मी ती नळाखाली धरली, पदर खोचला आणि सोफ्याखाली शिरले. सगळे "आई, नको!" म्हणत होते. सहावी असली तरी बहीणच, तिला काय भ्यायचं? पहिल्यांदा निसटली. भेंडी चिरल्यावर हात होतात ना, तशी सगळी बुळबुळीत. दुसऱ्यांदा शालीत गुंडाळून उचलली, कपड्यांच्या टोपलीत घातली. शेपटीकडून इराने धरली. लेकरू अजिबात भ्यालं नाही. ते बघून माझी छाती दुसऱ्यांदा फुगली.

टोपली घेऊन आम्ही अंगणात आलो. डावीकडे तळं, उजवीकडे ओढा. सगळे थांबले. ट्रॅम्पोलिनसुद्धा थांबलं.

"वी कॅन चेंज द वॉटर, आजी," इरा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "शी कॅन स्टे. प्लीज. यू सेड शी कॅन स्टे."

म्हटलं होतं खरं. आणि मलाही तेच हवं होतं. मग मी आरोहाबाईंना विचारलं, माझं मीच, इंग्रजीत. "शी... बेबी?"

त्यांनी हाताने लांब, पार आभाळाकडे दाखवलं. प्रशांत सांगत गेला. आयुष्यात एकदाच ती निघते. ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात, दूर उबदार पाण्यात. तिथे अंडी घालते आणि तिथेच संपते. आणि तळ्यात कोंडली तर? आरोहाबाई म्हणाल्या, तर वाट बघत बसते.

शाळा सुटून घरात बसवलेली पोर कुंपणाकडे कशी बघते, ते मला कुणी सांगायला नको होतं.

मी टोपली उजवीकडे वळवली. काठावर तिच्या कपाळाला कुंकू लावलं (घसरलं), सत्काराचा नारळ आणि मूठभर तांदूळ पुढे ठेवून ओटी भरली. इराला म्हटलं, "बहिणीला कुणी पाळतं का गं? बहीण येते, राहते, जाते." इराने शेपटी सोडली. पाण्यात एकदा मोठी काळी रेघ हलली आणि गेली. मागे ट्रॅम्पोलिनवर बायकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणजे पुन्हा थोड्या उडाल्या.

नंतर इरा माझ्याशी बोलेना. पण थंडी सरल्यावर एकदा मी उकडलेलं अंडं घेऊन ओढ्यावर गेले, तर ती मागून आलीच. आणि पाण्यातून काळं तोंडही वर आलं! समुद्राकडे निघायची तिची वेळ अजून झाली नव्हती. आता रोज जातो. इराने मला परवा बजावलं, "शी इज नॉट अवर पेट, आजी. शी इज फॅमिली." एवढं शहाणपण आमच्या घरात कुणाला आहे? हे ती शाळेतही सांगून आली.

त्यावरून शाळेतून फोन आला. मेघनाने बोलणं सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. बाई फार हळुवारपणे विचारत होत्या, इराच्या आजीची बहीण मागच्या ओढ्यात राहते, हे खरं आहे का? तिला तुम्ही घरात घेत नाही का?

मेघना "नो नो, अ‍ॅक्च्युअली" एवढंच म्हणाली. पुढचं मला सुचलं. आरोहाबाईंशी बोलून माझी भीड चेपली होती. मी पुढे झाले आणि ठणठणीत आवाजात म्हटलं, "येस! माय सिस्टर! शी व्हेरी ओल्ड! वन टाइम शी कम इन हाउस, आय पुट हर आउट! नाउ शी हॅपी! एव्हरी डे आय गिव्ह वन एग!"

 मेघनाने फोन हिसकावून घेतला, पण उशीर झाला होता. संध्याकाळी दारात शाळेने पाठवलेल्या एक सज्जन बाई उभ्या, एका हातात ब्लँकेट आणि दुसऱ्या हातात गरम सूपचा डबा.

इतकी वर्षं मी इंग्रजी बोलायला उगाच लाजले. एकदाच धडाक्यात बोलले, तर लोक घरपोच सूप आणून देतात!