मुठीतला लाल

"रंग माझं ऐकतात; बाकीच्यांच्या हातात ते नुसते चिकटतात," थोरली एकदा म्हणाली होती. तेव्हा धाकटी जाऊ घरात आलेली नव्हती, म्हणून ते कुणाला टोचलं नाही.

दोन खोल्यांचा कारखाना. थोरलीचा नवरा सुऱ्यांची पाती घासायचा, थोरली मुठी बसवायची, आणि मी कोपऱ्यात चामड्याची म्यानं शिवायचो. पोलाद आणि मुठीचं लाकूड यांच्यामध्ये एक पातळ रंगीत अस्तर बसवतात. सुरी तयार झाली की त्याची नुसती रेघ दिसते. त्या रेघेवर थोरलीचं राज्य होतं. लाकडावर ओला अंगठा फिरवून पॉलिशनंतरचा रंग ती आधीच बघून घ्यायची, मग खिडकीजवळच्या आपल्या स्टुलावर बसून एकेक तुकडा त्याला लावून पाहायची. नाही जुळला तर नको असलेला पाहुणा दारात आल्यासारखं तोंड करायची.

दिराच्या लग्नानंतर धाकटी आली. तिला काम थोरलीनंच शिकवलं. पहिला धडा असा: "स्वयंपाकघरातल्या सुरीला दाबलेल्या कागदाचं अस्तर लावायचं नाही. पाणी पितं मेलं, फुगतं. तिथं काचधाग्याचंच."

धाकटी शिकली. मग कधीतरी तिनं काळसर लाकडाखाली एक पिवळी रेघ सोडली, आणि गिऱ्हाइकं दारातूनच विचारू लागली, "ती पिवळ्या रेघेवाली बाई कुठंय?"

"डोळा आहे हं तिला," थोरलीचा नवरा म्हणाला.

"आणि मला काय, बटणं आहेत?"

आम्ही हसलो. थोरली हसली नाही.

त्यानंतर तिची पाठसुद्धा ऐकू लागली. धाकटीचं कुणी कौतुक केलं की तिच्या हातातली कानस थांबायची. पिवळ्या अस्तराचा तुकडा रद्दीच्या तळाशी जाऊन पडायचा. धाकटी तो शोधून काढायची आणि विचारायची, "ताई, इथं कसा गेला हो?" थोरली म्हणायची, "पाय फुटले असतील."

एकदा एका मोठ्या खानावळीच्या आचारीणबाई आल्या. फिकट लाकडाची सुरी हवी होती. "दोघी एकेक करा," त्या म्हणाल्या. "आवडेल ती नेईन."

"जिची नेतील, तिची खिडकी," नवरा म्हणाला. थट्टाच होती. थोरलीनं ती थट्टा म्हणून घेतली नाही.

धाकटीनं करडा निळा निवडला. थोरलीला लाल हवा होता. काचधाग्याचा लाल त्या लाकडाखाली जुन्या विटेसारखा मरगळलेला दिसे. कागदाचा लाल ताज्या जखमेसारखा पेटे. दोन्ही तुकडे हातात धरून ती बराच वेळ बसली. मग तिनं कागदाचा लावला.

सुरी तयार झाल्यावर धाकटीनं त्या रेघेवरून नख फिरवलं, थोरलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान झालीय, ताई."

आचारीणबाईंनी लालच उचलली. त्या दिवशी थोरलीनं जेवताना दोनदा वाढून घेतलं, असं नवरा मला कौतुकानं सांगत होता.

पावसाळा सरायच्या आत बाई सुरी घेऊन परत आल्या. "हे बघा, तळव्याला टोचतंय."

अस्तर फुगून लाकडाच्या वर आलं होतं. नवऱ्यानं मूठ उजेडात धरली. "कागद? स्वयंपाकघराच्या सुरीला? कुणी लावला हा?"

थोरलीनं तोंड उघडलं. पण तिच्या आधी धाकटी बोलली.

"माझ्याकडून झालं, दादा. ताईंनी काचधाग्याचाच काढून ठेवला होता. चिकटवायला मी बसले, तेव्हा तुकडे बदलले."

"वाटलंच मला," नवरा म्हणाला, आणि थोरलीकडे हात करून आचारीणबाईंकडे वळला. "हिच्या हातून असं व्हायचं नाही हो. धाकटी अजून नवीन आहे."

"नवीन असली तरी खरं बोलते," बाई म्हणाल्या. "मला आवडली पोरगी. नवी मूठ हिलाच करू द्या."

धाकटी ओशाळून हसली. थोरली तिच्याकडे पाहत राहिली. गिऱ्हाइकं हिच्याकडे गेली होती, नवऱ्याची शाबासकीही गेली होती. एक चूक तेवढी तिची स्वतःची उरली होती, आणि तीही हिनं उचलून नेली. वर त्याचंही कौतुक झालं.

थोरली उठली. "अगं, बस ना," नवरा म्हणाला. "तुला कोण काय बोललंय?"

थोरलीनं ॲप्रन सोडला, घडी न घालताच स्टुलावर टाकला, आणि आचारीणबाईंच्या बाजूनं वाट काढून ती बाहेर निघून गेली.