तांबडीकडे दाखवलेलं बोट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही – ती रविवारी फोन करते, पण जेवलात का, गोळी घेतलीत का, यापुढे आमचं बोलणं जात नाही. तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? माहीत नाही.

धनकवडीत माझं बैठं घर आहे, मागे चार हात परस. बायको गेली आणि तिच्या चार कोंबड्या मागे राहिल्या. बुधवार पेठेत पुस्तकं विकण्यात माझा जन्म गेलेला – मला कोंबड्यांतलं काय कळणार? त्या आपलीच अंडी फोडून खायला लागल्या, तेव्हा मी नुसता बघत बसलो.

शेजारच्या शेवंताबाईंनी ते भिंतीवरून पाहिलं. लोणी काळभोरहून लेकीकडे राहायला आलेल्या, माझ्याच वयाच्या. "अवो अण्णा, चुना कमी पडतोय त्यास्नी. अन् अंडी दुपारपत्तोर कशापायी ठेवता खुराड्यात?"

मग त्या रोज यायला लागल्या. दाण्यात शिंपल्यांचा चुरा मिसळला. अंडी घालायच्या खोक्यापुढे गोणपाट लावून अंधार केला. आत एक पांढरा गोटा ठेवला – अंडं समजून चोच मारली, तर चोचच दुखावी. काम झालं की त्या पायरीवर बसून गावाकडचं सांगायच्या. मी चहा करायचो. दोन कप – किती दिवसांनी दोन कप!

दहा दिवसांत कोंबड्यांची खोड गेली. "झालं आता," शेवंताबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्याही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी खोक्यातलं अंडं हातात घेतलं. ते अजून गरम होतं. आणि – हो, मीच – ते अंगठ्यानं फोडलं. बलक पेंढ्यावर पसरला. मग भिंतीपाशी जाऊन हाक मारली, "शेवंताबाई, पुन्हा खाल्लं हो."

महिनाभर हे चाललं. दोन-तीन दिवसांआड एक अंडं. त्या कपाळाला आठ्या घालून नवा उपाय शोधायच्या, मी मान डोलवायचो. लाज वाटत नव्हती? वाटायची. पण चहाचं आधण ठेवताना – तेव्हा नाही.

एके दिवशी त्या म्हणाल्या, "एकीला चटक लागलीया. तिला काढल्याबिगर न्हाई भागायचं. कंची हाय?"

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी बोट दाखवलं – तांबडीकडे. तिच्याचकडे का? ती जवळ होती, एवढंच. शेवंताबाईंच्या पायाशी बसली होती, रोजच बसायची.

"तू व्हय गं?" त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला काखेत घेऊन गेल्या. संध्याकाळी रश्श्याचा डबा आला. मी खाल्ला.

पुढे अंडं फोडायला हात धजला नाही – दुसरीवर पाळी आली असती. अंडी धड राहायला लागली, तसं त्यांचं येणंही थांबलं. आता त्या गावीच असतात. कधीमधी फोन येतो. "खात्यात का अजून?"

"नाही," मी म्हणतो. "तुमचाच उपाय लागू पडला."

"तांबडीच द्वाड हुती," त्या म्हणतात.

मी हो म्हणतो.