सुरमई कापणारी संगीन

अंधेरीपासून वर्सोव्यापर्यंतच्या टापूत भिंतीवर टांगलेली अशी एकही तलवार नव्हती, जिचा आमच्या गल्लीतल्या मामांनी भर पाहुण्यांत पाणउतारा केला नव्हता. हे मामा नक्की कुणाचे मामा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण लष्कराच्या हत्यारांच्या गोदामात त्यांनी बावीस वर्षं काढली होती, हे गल्लीतल्या तान्ह्या पोरांनाही पाठ होतं. संगीन, कट्यार, किरीच, काहीही समोर आलं की मामा आधी पात्याला नखानं टिचकी मारून ते कानाशी नेत, मग हुंगत, आणि शेवटी जिभेचं टोक लावून डोळे मिटत. मामांनी डोळे मिटले की शेजारपाजारचे अडकित्तेसुद्धा फळीवर अंग चोरून बसायचे. हे मी स्वतः पाहिलंय, त्यामुळे शंका घेऊ नये.

निकाल बहुतेक एकच. "खरं पोलाद टिचकीला उत्तर देतं," मामा म्हणायचे, "हे नुसतं हुंकार भरतंय."

आमच्या घरमालकांच्या पणजोबांनी म्हणे एका तलवारीनं सात गावं गाजवली होती. मामांनी ती चाटली आणि शांतपणे म्हणाले, "मालक, पणजोबा शूर असतील, मी नाही म्हणत नाही. पण ही तलवार नाटक कंपनीतली आहे." मालकांनी आठ दिवस अबोला धरला, आणि खंडेनवमीच्या सकाळी, ती पाटावर पूजेला ठेवू की नको, हे विचारायला पुन्हा मामांकडेच आले.

"ठेवा हो," मामा म्हणाले, "फक्त फूल लहान वाहा."

मामांचा स्वतःचा पाट मात्र खंडेनवमीला रिकामा असायचा. रांगोळी काढायची, गंध उगाळायचं, झेंडूचं ताट शेजारी ठेवायचं आणि पाटावर काही नाही. गोदामात हजारो खरी पाती त्यांच्या हाताखालून गेली, पण त्यांतलं एकही त्यांचं नव्हतं; आणि निवृत्तीनंतर एकही खरं पुन्हा दिसलं नव्हतं. "एकदा एक खरं पाटावर यावं रे," ते मला म्हणायचे, "खोट्यापुढे हात जोडवत नाहीत."

एका रविवारी मी मासळी आणायला वर्सोव्याला निघालो, तेव्हा मामा हवा खायला बरोबर आले. मामा कट्टर शाकाहारी. बाजारापासून वीस पावलांवर, नाकाला उपरणं लावून ते समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. एक कोळीण पुरुषभर लांबीची सुरमई तोडत होती. हाडावर घाव बसला आणि मामा गर्रकन वळले.

"ते कोण वाजवतंय?"

टोपल्या ओलांडत, चिखल तुडवत ते थेट तिच्यापुढे जाऊन उकिडवे बसले. "बाई, जरा हत्यार दाखवता?"

"मासा बघा, मामा. कोयता इकाया नाय बसले मी."

पण तिनं तो दिला. मी हात धरायच्या आत, जन्मात मासळीला न शिवलेल्या त्या माणसानं खवल्यांनी माखलेलं पातं जिभेला लावलं. बराच वेळ डोळे उघडेनात. उघडले तेव्हा ओले होते.

"खरी आहे," मामा म्हणाले. "संगीन आहे."

लढाईच्या दिवसांत तिच्या सासऱ्यानं खाडीपलीकडे मढ गावात एका गोऱ्या सोल्जराला टोपलीभर पापलेटं देऊन ती आणली होती. लाकडी मूठ जाऊन दोर गुंडाळलेला होता. मुठीजवळ इवलासा मुकुट आणि खाली पाच आकडे कोरलेले होते, पण ती रोज काथ्यानं आणि रेतीनं पातं घासायची, त्यामुळे ते पुसट झाले होते.

"अहो बाई, अशानं शिक्का जाईल."

"शिक्का काय सुरमई कापतो?"

मामांनी कुर्ल्याहून नवाकोरा सुरा आणून तिला दिला आणि बदल्यात संगीन मागितली. चार दिवसांनी तिनं सुरा परत केला. "दिसाया झकास हाय. पन याला पानी नाय." मामांनी सुऱ्याला टिचकी मारली, ऐकलं आणि मान खाली घातली. "बरोबर आहे तुमचं." पुन्हा कधी त्यांनी संगीन मागितली नाही.

मग दर रविवारी मामा ती ऐकायला जाऊ लागले. रिकामं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून एक तुकडी विकत घ्यायचे आणि नाक धरून माझ्या हाती द्यायचे. चार वर्षं आमच्या घरची रविवारची सुरमई मामांच्या कानांनी आणली. खंडेनवमीला ते फूल घेऊन बाजारात जात. ती पातं धुऊन उपड्या टोपलीवर ठेवी. दरवर्षी मामा चष्मा लावून शिक्का बघत. पाचाचे तीन आकडे झाले, मग नुसता मुकुट उरला.

पाचव्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. मामा रिकाम्या पाटापुढे बसून होते; मालक आणि मी शेजारी. एवढ्यात टोपली घेऊन ती कोळीण दारात. फडक्यात गुंडाळलेली संगीन तिनं पाटावर ठेवली.

"मामा, तुमचा शिक्का गेला वो. घासताना गेला."

मालक इतकी वर्षं याच क्षणाची वाट बघत होते. "आता खरी कशावरून, मामा?"

मामांनी टिचकी मारली आणि पातं कानाशी धरलं. खूप वेळ धरलं. त्या पावसाळ्यापासून त्यांना बोलणं कळायचं, पण दाराची कडीसुद्धा ऐकू येत नव्हती, हे फक्त मला माहीत होतं. त्यांनी संगीन तिच्या हातात दिली.

"तुम्हीच सांगा, बाई. वाजतंय?"

तिनं अगदी मामांसारखी टिचकी मारली, पातं कानाशी नेलं, डोळेही मिटले.

"वाजतंय, मामा. लई येळ वाजतंय."

मामांनी ताटातलं सगळ्यांत मोठं झेंडूचं फूल निवडलं, पात्यावर वाहिलं आणि हात जोडले. ती पाच मिनिटं थांबली. मग "बाजार उठंल माजा" म्हणत तिनं संगीन फुलासकट टोपलीत ठेवली आणि गेली. मामा पाटाकडे बघत बसले. तो आता रिकामा दिसत नव्हता.