युरियाच्या टाकीवर चार किलो

स्क्रीनवर तीच एरर पुन्हा आली आणि मागे उभे असलेले गित्ते म्हणाले, “मॅडम, छावणीच्या गाड्या कवाच्या उभ्या हायेत.”

गित्ते म्हणजे केजजवळच्या एका सहकारी पशुखाद्य कारखान्याचे मॅनेजर. दुष्काळाचं वर्ष होतं. चारा छावण्यांमधला कडबा संपत आलेला, जनावरं या कारखान्याच्या खाद्यावर तगून होती. त्यातच तिथला जुना कॉम्प्युटर बंद पडला. नव्या कॉम्प्युटरवर सगळं अपग्रेड झालं, वजनकाटा कॉम्प्युटरला जोडणारा ड्रायव्हर प्रोग्रामसुद्धा. आमच्या कंपनीचं खाद्य मिसळायचं सॉफ्टवेअर मात्र त्यावर नव्याने कंपाइल करावं लागणार होतं, म्हणून मी लातूरहून आले होते.

कंपाइल करणं म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणं. काट्याकडून येणारी माहिती तक्त्यातल्या रकान्यांसारख्या घरांत मांडलेली असते. कुठल्या घरात काय आहे, हे हेडर फाइल सांगते. इथे अशा दोन फाइल निघाल्या. एक नव्या ड्रायव्हरबरोबर आलेली, दुसरी आमच्याच फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं पडलेली. एकाच गोष्टीची दोन वर्णनं. कंपाइलर अडून बसला, खरं कोणतं ते आधी ठरवा.

मी पुण्याला बॉसना फोन लावला.

“नवी फाइल बोलावणारी ओळ बंद कर,” ते म्हणाले. “एकच हेडर राहील. गाड्या सोड, बाकीचं सोमवारी बघू.”

ओळ बंद केली. एकही एरर न येता कंपाइल झालं. गित्तेंनी मोठा श्वास सोडला.

तेवढ्यात संस्थेचे चेअरमन तात्या आत आले. “झालं न्हवं? मग करा चालू.”

“आधी टेस्ट घेते, तात्या.”

“आता कावून टेस्ट? जनावरं हंबरून राह्यलीत तिकडं.”

कारण या खाद्यात युरिया पडतो. प्रमाणात असला तर गुरांना चालतो, जास्त झाला की विष. आमचा प्रोग्राम काट्यावरचं वजन वाचतो आणि ठरलेलं वजन भरलं की युरिया थांबवतो. मी गित्तेंना रिकाम्या टाकीत युरियाचं एक भरलं पोतं ठेवायला सांगितलं.

स्क्रीनवर आलं, चार किलो.

“अजून एक ठेवा.”

तरी चारच.

युरियाची टाकी चौथ्या नंबरची होती. जुन्या हेडरप्रमाणे वजन ज्या घरात असायचं, तिथे नव्या ड्रायव्हरने टाकीचा नंबर ठेवला होता. प्रोग्राम तोच वजन समजून वाचत होता. ठरलेलं वजन कधी भरलंच नसतं आणि युरिया पडतच राहिला असता.

“तात्या, हे चालू केलं असतं तर छावणीत जनावरं मेली असती.”

तात्या टाकीतल्या पोत्यांकडे बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले. “घे बाई टाइम. गाड्यावाल्यांना मी सांगतो.”

मी जुनी फाइल फोल्डरमधून काढली, नवी जोडली. कंपाइल झालं. पोती तशीच होती. स्क्रीनवर पुन्हा चार किलो.

नवी हेडर फाइल पहिल्यापासून वाचली. ती बरोबर होती. मग लक्षात आलं. कंपाइलर दर वेळी सगळं नव्याने करत नाही, आधी तयार झालेले तुकडे तसेच वापरतो. वजन वाचणारा तुकडा मघाचाच होता, जुन्या हेडरवर बनलेला. सगळे तुकडे पुसले आणि कोऱ्यावरून कंपाइल केलं.

या वेळी दोन्ही पोत्यांचं वजन बरोबर आलं. एक पोतं काढायला लावलं, तर आकडा निम्म्यावर आला.

“आता?” तात्या उभे राहिले.

“आता करा चालू. पण पहिल्या घाण्याचा युरिया हातकाट्यावर मोजूनच जाऊ द्या.”

तो मोजला. जुळला. ऊन कलायच्या आत गाड्या सिरसाळ्याच्या आणि धर्मापुरीच्या छावण्यांकडे निघाल्या. एकही जनावर दगावल्याची बातमी आली नाही.

बॉसचा फोन आला. “बघ, म्हटलं होतं ना, छोटंसं काम आहे.”

अपग्रेडनंतर एरर आली तर मी आता घाबरत नाही. एकही आली नाही, तर मात्र टेस्ट घेतल्याशिवाय मशीन चालू करू देत नाही.