मागावर बसवलेला माणूस

"बाई, तुम्ही मजकूर दिलात. पुस्तक आम्ही केलं."

भंडाऱ्यात सरांच्या बैठकीत, सोफ्याच्या कडेला बसून मी हे ऐकलं. समोर संगणकावर माझ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ. त्यावर हातमाग. मागावर माझा नवरा. खाली मोठ्या अक्षरांत सरांचं नाव.

"माझं नाव कुठं आहे?"

"आत आहे ना. आभारात."

सर निवृत्त प्राध्यापक. लोकांची ई-पुस्तकं तयार करून देतात. इकडे माझ्या घरी, आंधळगावात, दुपारची जेवणं आटोपली की मी मोबाइलवर लिहायची. माग चालवणाऱ्या बायकांबद्दल. स्वतःबद्दल. सरांनी प्रकरणं लावली, काही वाक्यं सरळ केली. ते मी नाकारत नाही. पण लिहिलं मी.

फोटो काढायला त्यांचा माणूस घरी आला तेव्हा मी मागावरच होते. अर्धं पातळ विणून झालेलं.

"ताई, जरा उठा. दादांना बसवा. मागावर पुरुष शोभतो."

मी उठले. आमच्याकडे असंच चालत आलंय. बाईनं सुताच्या कांड्या भरायच्या, माग पुरुषाचा. नवरा वरठीच्या कारखान्यात लागला तेव्हापासून विणते मी, तरी माग त्याचाच. व्यापारी दारातून विचारतो, "भाऊंचा माल झाला का?"

नवरा बसला. आडवं सूत फेकायचा धोटा हातात घेऊन म्हणाला, "मले त पाय कुठं ठेवाचा तेबी आठवत नाही गा. सूत तुटलं त मले बोलू नका." सगळे हसले. मीही हसले. चहा ठेवला.

सरांकडे तोच फोटो पाहताना हसू आलं नाही. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं, विणते मी आणि नाव त्याचं लागतं.

"सर, पहिलं पान वाचलं ना तुम्ही?"

"वाचलं. छान आहे. पण तुमच्या नावानं कोण उघडणार हे? विणकराचं आडनाव बघून लोक पुढं जातात. आणि खरं बोललं की तुमच्या लोकांना लगेच राग येतो बघा."

तुमच्या लोकांना.

"फाइल मिटवा," मी म्हटलं.

"काय?"

"मले नाही पायजे असं पुस्तक. मिटवा."

"मग स्वतः करणार? जमेल?"

फाइल संगणकातून पुसली जाईपर्यंत मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले. एसटीत बसल्यावर मोबाइल काढला.

मूळ मजकूर मोबाइलमध्ये होता. पुस्तक स्वतःच करायला घेतलं. पहिल्या मुखपृष्ठात अक्षरं फोटोत बुडाली. दुसऱ्याचा आकार चुकला, ई-पुस्तकांच्या साइटनं परत पाठवलं. अनुक्रमणिकेत एका प्रकरणावर बोट ठेवलं की दुसरंच उघडायचं. एकेक बसवलं. रडत बसायला वेळ नव्हता, पातळही पुरं करायचं होतं.

नवऱ्याला म्हटलं, "फोन धरा. मी बसते."

"लोक म्हणतीन, याले मागावरून हाकलला."

"म्हणू द्या."

फोटो तिरपा आला. तोच ठेवला. वर माझं नाव टाकलं, पूर्ण रुंदीचं.

पुस्तक निघालं. कोण वाचतं, माहीत नाही. सर म्हणाले ते खरंही ठरेल. पण म्हणून माझं नाव खाली येणार नाही.

परवा व्यापारी आला. "भाऊंचा माल झाला का?"

मी मागावरून उठले नाही. "भाऊंचा नाही. जिनं विणला तिचं नाव घेऊन विचारा."

तो नवऱ्याकडे पाहायला लागला. नवरा जमिनीकडे. शेवटी व्यापारी म्हणाला, "मग येतो कधी," आणि गाडीला किक मारली.

घरात या पातळाच्या पैशाची वाट पाहणं चालू आहे, हे मला कळतं. तरी माझं नाव घेतल्याशिवाय हे पातळ कोणाच्या हातात जाणार नाही.