कौतुक करताना घ्यावयाची काळजी

आमच्या व्यवसायात प्रत्येक कार्यशाळेनंतर अहवाल लिहावा लागतो, आणि प्रत्यक्षात जे घडले ते त्या अहवालात कुठेच बसत नाही. ‘सहभागींचा प्रतिसाद उत्साहवर्धक होता’ या एका वाक्याखाली काय काय गाडले जाते, हे ते वाक्य लिहिणाऱ्यालाच ठाऊक. गाडलेल्या गोष्टी साचत राहतात आणि चहाला चार मित्र जमले की वर येतात. पुढील किस्से मी संबंधित दोघांकडून शक्य तितके पडताळून घेतले आहेत. दोघांच्या आठवणींत तफावत आढळली तिथे मी स्वतःच्या आठवणीवर विसंबले आहे. तीही चुकीची असू शकते.

हे दोघे म्हणजे विद्याताई आणि भालेराव सर. विद्याताई पूर्वी एका मोठ्या कंपनीत मनुष्यबळ विभाग सांभाळत. सर चाकणच्या एका कारखान्यातून उत्पादन प्रमुख म्हणून निवृत्त झाले. कारखान्यांतल्या माणसांना नेतृत्व आणि कामाच्या जागेची संस्कृती शिकवण्याचा उद्योग दोघांनी मिळून काढला. चिंचवड स्टेशनजवळ चष्म्यांच्या एका दुकानाच्या वर आमचे ऑफिस आहे. मानसशास्त्रात एम. ए. करून मी तिथे रुजू झाले. मी त्यांची एकमेव कर्मचारी.

*

आमच्याकडे बैठकीचा एक नियम आहे आणि तोच आम्ही सर्वांना शिकवतो: सर्वांत लहानाने आधी बोलायचे, सर्वांत मोठ्याने शेवटी. साहेब आधी बोलले की बाकीच्यांची मते त्यांच्यामागे रांगेत उभी राहतात, हे त्यामागचे तत्त्व. संशोधनाच्या दृष्टीनेही ते मला रास्त वाटते. अडचण एवढीच की आमच्या ऑफिसात सर्वांत लहान कायम मीच असते.

पहिल्याच बैठकीत एका कार्यशाळेच्या स्वरूपाबद्दल माझे मत विचारले गेले. दोन्ही पर्यायांचे गुणदोष तपासल्याशिवाय ठाम विधान करणे उचित ठरणार नाही, असे मी सांगितले. सरांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

“पूर्वा, तुझ्या मताला दोन्ही बाजूंनी दारं आहेत,” ते म्हणाले. “वारा छान खेळतो. मुक्कामाला कुणी थांबत नाही.”

*

सरांच्या बॅगेत एक लांबलचक वायरीचा एक्स्टेंशन बोर्ड कायम असतो. कारखान्यांच्या ट्रेनिंग हॉलमध्ये प्लग नेमका प्रोजेक्टरपासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात, आणि तोही कपाटामागे असतो, हा त्यांचा अनुभव. एका ठिकाणी विद्याताई संचालकांशी ‘परिवर्तनाची दिशा’ या विषयावर बोलत होत्या, तेव्हा सर कपाटामागे अर्धे गेलेले होते. तिथूनच त्यांचा आवाज आला, “मॅडम, दिशा सापडली. खिडकीकडं आहे.”

बोर्डाला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही. वायर पंजा आणि कोपर यांच्यावरून एकसारखी गुंडाळली पाहिजे, एकही पीळ पडता कामा नये. मी एकदा मदत म्हणून ती गुंडाळली. सरांनी ती पूर्ण सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

*

आमचे सर्वांत जुने ग्राहक म्हणजे चाकणजवळच्या गावातले नानासाहेब. घरच्या शेतीच्या कडेला त्यांनी गाड्यांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना उभारला. शेवटी बोलण्याचा नियम त्यांना फार आवडला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो अमलात आणला. एरवी शेडच्या दारापासून ज्यांचा आवाज ऐकू येई, ते नानासाहेब बैठकीत हाताची घडी घालून गप्प बसले.

त्या शांततेने बैठकीचा धीर सुटत गेला. मेंटेनन्सचे प्रमुख बाहेर गेले आणि त्यांनी नानासाहेबांच्या घरी फोन लावला: “वहिनी, मालक बोलत न्हाईत. दवाखान्यात न्यायचं का?”

अखेर नानासाहेबांची पाळी आली. त्यांनी सर्वांवरून नजर फिरवली.

“समद्यांचं ऐकलं,” ते म्हणाले. “लई चांगलं बोललात. आता मी सांगतो तसं करा.”

*

त्याच कारखान्यात संतोष नावाचे सुपरवायझर आहेत, मूळचे बीडचे. चूक दाखवण्यापूर्वी माणसाचे दोन चांगले गुण सांगावेत, हे विद्याताईंचे आवडते सूत्र. संतोष यांनी ते मनावर घेतले. मशिनजवळ चहाचा कप ठेवणाऱ्या एका ऑपरेटरला त्यांनी बाजूला बोलावले. तुमची हजेरी उत्तम आहे, तुमचा स्वभाव मनमिळाऊ आहे, तुमच्यामुळे शिफ्टला आधार वाटतो, असे ते सांगत गेले. चहाच्या कपापर्यंत पोहोचण्याआधीच ऑपरेटरचे डोळे भरून आले.

“साहेब, सरळ सांगा ना. काढलंय का मला?”

पुढच्या सत्रात संतोष यांनी ही अडचण उभे राहून मांडली. “मॅडम, आमच्याकडं माणसाचं एवढं कौतुक फक्त निरोप समारंभातच होतं. रोज शिव्या खातो तवर त्याला वाटतं, नोकरी पक्की हाय.”

सभागृह खळखळून हसले. सर सर्वांत जास्त हसले. विद्याताईंनी हा मुद्दा ‘सांस्कृतिक संदर्भ’ या शीर्षकाखाली फळ्यावर लिहिला आणि आम्ही पुढे गेलो. तो आमच्याच ऑफिसात येऊन बसेल, याची तेव्हा कुणालाही कल्पना नव्हती.

*

सरांची मुलगी नाशिकला असते. आता पुरे झाले, इकडे या, असा तिचा आग्रह बरेच दिवस चालू होता. एके दिवशी चहा पिता पिता सर सहज म्हणावे तसे म्हणाले, की नानासाहेबांची ही बॅच संपली की आपण नाशिकला जावे असा विचार आहे.

विद्याताईंनी कप खाली ठेवला. “सर, निर्णय तुमचा आहे. मी त्याचा आदर करते.”

हे वाक्य आमच्याच कार्यपुस्तिकेत ‘सहकाऱ्याच्या निर्णयावर दबाव न आणणे’ या प्रकरणात आहे. ते तिथे लिहिले सरांनीच!

त्यानंतरचे दिवस मला अवघड गेले. विद्याताई बाहेर गेल्या की सर विचारत, मॅडम काही बोलल्या का. सर बाहेर गेले की विद्याताई विचारत, सर काही बोलले का. मला दोघांनाही खरे उत्तर द्यावे लागे, आणि सुरुवातीला खरे उत्तर ‘नाही’ असेच होते. सर गेले तर आपण हे ऑफिस एकटीने चालवणार नाही, असे विद्याताईंनी मला एकदा स्पष्टच सांगितले. ते सरांना सांगावे, असे मी सुचवले. तो दबाव ठरेल, तूही सांगू नकोस, असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे तात्त्विक दृष्ट्या बिनचूक होते.

मग त्यांनी त्यांच्या मते निर्दोष असा मार्ग निवडला. त्या सरांचे कौतुक करू लागल्या. त्यांचा अनुभव, त्यांची विनोदबुद्धी, त्यांचा वक्तशीरपणा. सरांना आपली किंमत कळली की ते आपोआप थांबतील, असा त्यांचा कयास होता. सर मात्र रोज थोडे थोडे गप्प होत गेले. वक्तशीरपणाचे कौतुक झाले त्या संध्याकाळी त्यांनी आपले कपाट आवरायला घेतले, आणि जाताना एक्स्टेंशन बोर्ड माझ्या टेबलावर ठेवला.

“हा आता तुझ्याकडे,” ते म्हणाले. “मॅडमचं ठरलेलं दिसतंय.”

*

बॅचचे शेवटचे सत्र नानासाहेबांच्या कारखान्यात झाले. बोर्ड मीच नेला, कपाटामागे मीच गेले. सत्र संपल्यावर मी कोपऱ्यात वायर गुंडाळत उभी होते. नानासाहेबांना सर जाणार असल्याचे कळले होते. ते म्हणाले, “आमाला बोलायला लावलंत, आता तुमी बोला. ल्हान आधी, मोठं शेवटी. तुमच्या दोघांत मोठं कोण?”

सरांनी विद्याताईंकडे हात केला, कारण संस्था त्यांच्या नावावर होती. विद्याताईंनी सरांकडे हात केला, कारण वयाने ते मोठे होते. दोघेही नियमाचे पक्के, त्यामुळे दोघेही दुसऱ्याने आधी बोलण्याची वाट पाहत थांबले. मेंटेनन्सचे प्रमुख अस्वस्थपणे फोनकडे पाहू लागले.

शेवटी विद्याताई उभ्या राहिल्या. भालेराव सरांसारखा सहकारी मिळणे भाग्याचे असते, अशी त्यांनी सुरुवात केली. त्यांचा संयम, त्यांचे मार्गदर्शन, त्यांची निष्ठा असे एकेक येत गेले. सर मान खाली घालून ऐकत होते. संतोष यांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

नानासाहेब थोडे पुढे झुकले. “मॅडम, हार बी मागवू का?”

विद्याताई थांबल्या. त्यांनी संतोष यांच्याकडे पाहिले, मग सरांच्या खाली गेलेल्या मानेकडे पाहिले. पुन्हा बोलू लागल्या, तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

“सर, फळ्यावरचं तुमचं अक्षर एकाही माणसाला वाचता येत नाही. मी बोलत असले की मध्येच तुमचा किस्सा सुरू होतो. ब्रेक संपला तरी तुम्ही बाहेर चहाच्या टपरीवर गप्पा मारत उभे असता. सोमवारी भोसरीची नवी बॅच आहे. तिथे हे असलं मी अजिबात खपवून घेणार नाही.”

सरांनी हळूहळू मान वर केली. विद्याताईंकडे पाहिले. मग वळून माझ्याकडे, माझ्या हातातल्या वायरीकडे पाहिले आणि हात पुढे केला.

“आण तो बोर्ड इकडे,” सर म्हणाले. “अशी गुंडाळतात होय वायर?”