विनयाने गमावलेले अधिकार

देवासात माझा दबदबा असा, की मी ऑफिसात शिरलो की रुसलेले प्रिंटर आपोआप कागद ओकायला लागत. निदान घरी तरी मी तसंच सांगत असे. त्यामुळे आमच्या संस्थेने शाळेसाठी नवं सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा सगळ्यांची खाती उघडून गट पाडायचं काम माझ्याकडे येणारच होतं. तोवर अख्खी शाळा एका पासवर्डवर चालायची, आणि तोही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला.

गट दोनच. ‘व्यवस्थापक’ म्हणजे सगळे अधिकार. ‘दर्शक’ म्हणजे नुसतं बघायचं. कोण काय काम करतं ते पाहून माणसं घालायची, संपलं. पण आम्ही पडलो जुन्या दरबारी घरांतली माणसं. पहिल्या पंगतीला वडीलधारे, यजमान सगळ्यांत शेवटी, हे अंगात मुरलेलं. मी तशीच पंगत मांडली. साठीच्या वरचे सगळे विश्वस्त व्यवस्थापक. त्यांतल्या निम्म्यांनी माउसला उभ्या जन्मात हात लावलेला नव्हता. रोज दाखले काढणाऱ्या लिपिकबाई दर्शक. आणि यजमान या नात्याने मीही दर्शक. ‘तुमचे अधिकार जातील, खात्री आहे?’ असं यंत्राने विचारलं. मी मान लववून ‘होय’ दाबलं.

दुसऱ्याच दुपारी बाग गावाहून एक कापडछपाईवाले आले. हात रंगाने कोपरापर्यंत लाल. बरोबर त्यांची मुलगी, आमच्याच शाळेतून बारावी झालेली. तिला नर्सिंगला जागा मिळाली होती. शाळा सोडल्याचा दाखला पाच वाजेपर्यंत ऑनलाइन चढवला नाही, तर ती जागा पुढच्या नावाला जाणार होती. घड्याळात चार वाजले होते.

बाईंनी बटण दाबलं. ‘आपणांस अधिकार नाही.’ मी बाईंना बाजूला सारून माझ्या खात्यातून दाबलं. मलाही नाही.

“भिया, तुम्हीच बनवलंय ना हे?” बाई म्हणाल्या. माळव्यात भावाला ‘भिया’ म्हणतात.

उरले विश्वस्त. एकाचा फोन बंद, दुसऱ्याला पासवर्ड म्हणजे काय तेच समजेना. शेवटी अध्यक्षकाका सापडले, धरमपुरीला, नर्मदेच्या घाटावर. नातसुनेने मोबाइलवर त्यांचं खातं उघडून दिलं. आता माझं नाव उचलून व्यवस्थापकांत टाकायचं, एवढंच. पण काका यादी वाचत बसले.

“चिरंजीव, सचिव माझ्या वर कसे?”

“काका, यंत्र अकारविल्हे नावं लावतं.”

“लावू दे. मी त्याच्याखाली बसून सही करायचा नाही.”

“सही नाही काका, नुसतं बोट…”

“बोटसुद्धा नाही!”

साडेचार. मुलगी भिंतीला टेकून फोनकडे बघत होती. तिचे वडील घड्याळाकडे. मी इतका घामाघूम झालो की माझ्या घामावर धारचे दोन तलाव भरले असते.

बाईंनी माझ्या हातातला फोन काढून घेतला. “काका, नमस्कार करते. ही चूक आमच्या साहेबांची. पण ती सुधारायचा अधिकार आज फक्त तुमच्याकडे आहे. सचिवांना विचारू का?”

 पलीकडून काका गरजले, “त्याला कशाला विचारता? कुठे दाबायचं सांगा!”

दाखला निघाला तेव्हा पाचाला अकरा कमी होते. मुलीने तिथेच उभ्या उभ्या फोटो काढून चढवला. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग ती एकदम खाली बसली. “हो गया, पापा.”

वडिलांनी ते लाल हात बाईंपुढे जोडले. मग माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, “बेनजी, ये भिया यहाँ क्या काम करते हैं?”

बाई टेबल आवरत म्हणाल्या, “बिजली का.”

 मी उठलो आणि पंखा बंद केला.